फर्निचरच्या दुकानातून छापखान्यापर्यंत : हेवावितरणे घराणे आणि आपण

बुद्धपौर्णिमा असो, १४ एप्रिल असो की धम्मचक्र प्रवर्तन दिन, आपल्या प्रत्येक वस्तीत पंचशील ध्वज लागतो. हा ध्वज कुणी ठरवला असे विचारले तर बहुतेक कार्यकर्ते कर्नल ऑल्कॉट यांचे नाव घेतात. ते अर्धेच खरे आहे. १८८५ साली कोलंबोत एक समिती बसली. पूज्य हिक्कडुवे सुमंगल महाथेरो तिचे अध्यक्ष होते. या समितीने ध्वजाचा नमुना तयार केला, तो 'सरसवि संदरेस' या सिंहली वृत्तपत्रात छापला आणि २८ एप्रिल १८८५ रोजी, वैशाख पौर्णिमेला, तो पहिल्यांदा फडकला. ऑल्कॉट यांनी पुढच्या वर्षी सुचवली ती त्याच्या मापातली दुरुस्ती.

त्या समितीत डॉन कॅरोलिस हेवावितरणे नावाचे एक फर्निचरचे व्यापारी होते आणि त्यांचे सासरे अंदिरिस परेरा धम्मगुणवर्धन हेही होते. डॉन कॅरोलिस यांचा थोरला मुलगा त्या वेळी विशीत होता. पुढे जगाने त्याला अनागारिक धम्मपाल म्हणून ओळखले.

धम्मपालांवर आपल्याकडे जयंती-स्मृतिदिनाला लिहिले जाते. बोधगया, शिकागो, सारनाथ एवढे मुद्दे आले की लेख संपतो. पण त्यांच्यामागे उभे राहिलेले घर, त्या घराचे दुकान, दुकानातून छापखान्याकडे गेलेला पैसा आणि त्या छापखान्याने केलेले भले-बुरे काम याबद्दल आपल्या तरुणांना फारसे कुणी सांगत नाही. आज ते सांगावे असे आम्हाला वाटते, कारण यातले बरेच काही थेट आपल्यापर्यंत येऊन पोहोचलेले आहे.

डेव्हिड, एडमंड, सायमन, चार्ल्स

डॉन कॅरोलिस मूळचे श्रीलंकेच्या दक्षिणेकडील मातर भागातले. कोलंबोला येऊन त्यांनी पेट्टा या बाजारपेठेत फर्निचरचा धंदा उभा केला. 'एच. डॉन कॅरोलिस अँड सन्स' ही पेढी पुढे सिलोनभर नावाजली गेली. पत्नी मल्लिका ही धम्मगुणवर्धन यांची मुलगी. दोन्ही घरे पक्की बौद्ध. तरीही मुलांची नावे डेव्हिड, एडमंड, सायमन आणि चार्ल्स. इंग्रजी अमलात नोंदणी, शाळा आणि नोकरी यांच्या वाटा मिशनऱ्यांच्या दारावरून जात होत्या. बौद्ध घरात जन्मलेल्या मुलालाही बायबलातले नाव घेऊन वाढावे लागे.

डेव्हिडचा जन्म १७ सप्टेंबर १८६४ चा. शिक्षण मिशनरी शाळांत झाले. शाळेत बायबल पाठ करायचे आणि घरी आल्यावर आईबरोबर विहारात जायचे, अशी त्याची दुहेरी दिनचर्या होती. वैशाख पौर्णिमेची सुट्टी मागितली म्हणून त्याने छड्या खाल्ल्या. १८८३ मध्ये कोटहेना इथे बौद्ध मिरवणुकीवर हल्ला झाला, तेव्हा वडिलांनी त्याला मिशनरी शाळेतून काढले. मोठा झाल्यावर त्याने डेव्हिड हे नाव टाकले आणि धम्मपाल हे नाव घेतले. जुनी नावे टाकून नवी नावे घेण्याचा अर्थ काय असतो, हे १९५६ नंतरच्या आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

विहाराला छापखाना लागतो

त्या काळातली लढाई कशी चालली होती ते पाहू. मिशनऱ्यांकडे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून छापखाने होते. बुद्धाची निंदा करणाऱ्या पुस्तिका ते हजारोंनी छापत आणि गावोगाव वाटत. भिक्खूंकडे ताडपत्रावरच्या पोथ्या होत्या. पोथी एका विहारात एक असते आणि पुस्तिका हजार घरांत जाते. १८६२ च्या सुमारास मिगेट्टुवत्ते गुणानंद थेरो यांनी कोटहेनात बौद्धांचा छापखाना सुरू केला आणि मिशनऱ्यांना छापील उत्तरे द्यायला सुरुवात केली. १८७३ च्या ऑगस्टमध्ये पाणदुरा इथे त्यांनी पाद्र्यांशी दोन दिवस जाहीर वाद केला. त्या वादाचा वृत्तांत इंग्रजीत छापला गेला, तो अमेरिकेत ऑल्कॉट यांच्या हाती पडला आणि १८८० मध्ये ते सिलोनला आले. वाद मैदानात झाला, पण त्याला साता समुद्रापार नेले ते छापील कागदाने.

त्याच वर्षी 'सरसवि संदरेस' सुरू झाले. धम्मपाल शिक्षण खात्यात कारकून होते. ती नोकरी सोडून ते या चळवळीत पूर्णवेळ आले आणि वृत्तपत्राच्या व छापखान्याच्या कामात शिरले. हाताखाली माणसे थोडी असल्यामुळे व्यवस्थापकापासून भाषांतरकारापर्यंत सगळी कामे त्यांनी केली. थोरला मुलगा, चालता धंदा, पण घरच्यांनी त्याला दुकानाच्या गल्ल्यावर बसवले नाही. धंदा वडिलांनी आणि भावांनी सांभाळला आणि त्यातून त्याचा खर्च चालवला. एका माणसाला पूर्णवेळ कार्यकर्ता होता यावे म्हणून बाकीच्या घराने प्रपंचाचा भार उचलला, हे या घराण्याचे पहिले मोठे दान आम्ही मानतो.

आजोबांच्या जागेवरची शाळा

या घराण्याचे दुसरे दान त्याही आधीचे आहे. १८७३ साली कोलंबोच्या माळिगाकंद भागात सुमंगल महाथेरो यांनी विद्योदय परिवेण, म्हणजे पालि आणि धम्माचे विद्यापीठच, सुरू केले. त्यासाठी जागा देण्यात आणि कारभाराची समिती उभी करण्यात धम्मपालांचे आजोबा धम्मगुणवर्धन पुढे होते.

या शाळेत पुढे कोण आले ते पाहा. १८९८ मध्ये मद्रासचे पंडित अयोती दास ऑल्कॉट यांच्याबरोबर कोलंबोला गेले आणि सुमंगल महाथेरोंकडून त्यांनी पंचशील घेतले. अस्पृश्य मानलेल्या समाजाचे मूळ बौद्ध आहे असे सांगणारा हा नेता पुढे 'ओरु पैसा तमिळन' या नावाने स्वतःचे साप्ताहिक चालवू लागला. तेही १९०७ साली, 'मूकनायक'च्या तेरा वर्षे आधी.

१९०२ मध्ये गोव्याच्या साखवाळचा एक तरुण बौद्ध धम्म शिकायचा म्हणून सिलोनला पोहोचला आणि याच विद्योदयात सुमंगलाचार्यांपाशी पालि शिकू लागला. ते धर्मानंद कोसंबी. मराठीत बुद्धचरित्र आणि पालि वाङ्मय मूळ ग्रंथांच्या आधारे आणण्याचे काम त्यांनी केले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी 'भगवान बुद्ध' हे त्यांचे पुस्तक असेल. कोलंबोतल्या एका व्यापाऱ्याने दिलेली जागा अशी मराठी वाचकाच्या घरापर्यंत आली आहे.

'महाबोधी' नियतकालिक आणि बोधगया

२२ जानेवारी १८९१ रोजी धम्मपाल बोधगयेला पोहोचले. महाविहार शैव महंताच्या ताब्यात होते. त्याच वर्षी ३१ मे रोजी कोलंबोत महाबोधी सोसायटी स्थापन झाली. लगेच पुढच्या वर्षी, मे १८९२ मध्ये, कलकत्त्यातून 'महाबोधी' हे इंग्रजी मासिक निघाले. सोसायटीकडे तेव्हा ना इमारत होती ना मोठा निधी. मासिक मात्र आधी निघाले, कारण जपान, ब्रह्मदेश, सयाम, सिलोन आणि युरोप-अमेरिकेतल्या बौद्धांना एकमेकांशी बोलायला तोवर एकही व्यासपीठ नव्हते. या मासिकामुळेच धम्मपालांना १८९३ च्या शिकागो सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आले. परतताना होनोलुलु बंदरात मेरी फॉस्टर या बाईंची भेट झाली आणि त्यांनी पुढे आयुष्यभर या कामाला लाखो रुपये दिले.

२५ फेब्रुवारी १८९५ रोजी धम्मपालांनी महाविहाराच्या वरच्या मजल्यावर जपानहून आलेली बुद्धमूर्ती बसवली. महंताच्या माणसांनी ती काढून बाहेर टाकली. खटला झाला. खालच्या न्यायालयाने दोषींना शिक्षा दिली, कलकत्ता उच्च न्यायालयाने ती फिरवली. पुढे १९०६ मध्ये महंताने दावा लावला आणि बौद्धांना तिथल्या विश्रामगृहातूनही बाहेर पडावे लागले.

धम्मपाल गेल्यानंतर, १९४९ साली बिहार सरकारने बोधगया मंदिर कायदा केला. या कायद्याने समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकारी अशी रचना ठरवली, तीही जिल्हाधिकारी हिंदूच असावा या अटीसह. ही अट २०१३ मध्ये गेली, समितीची रचना तशीच राहिली. नव्वदच्या दशकात नागपूरच्या भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रातून हजारो लोक बोधगयेला गेले. २०२५ च्या फेब्रुवारीपासून भिक्खूंनी तिथे पुन्हा उपोषण आणि आंदोलन केले, त्यातही आपले तरुण होते. या आंदोलनात जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. महाविहारावरचा बौद्धांचा दावा आज आपण मांडतो, त्यामागचे जुने पुरावे, खटल्यांचे वृत्तांत आणि पत्रव्यवहार 'महाबोधी'च्या अंकांत महिन्यामागून महिने छापून ठेवले गेले म्हणून शिल्लक आहेत. मोर्चा संपतो, फलक फाटतात, पण छापलेली नोंद सव्वाशे वर्षे टिकते.

सायमन यांचे मृत्युपत्र, चार्ल्स यांची धावपळ

धम्मपालांच्या धाकट्या भावांबद्दल आपण जवळजवळ काहीच वाचलेले नसते.

सायमन हेवावितरणे तरुण वयात वारले. त्यांनी आपल्या मालमत्तेतला वाटा पालि ग्रंथांच्या छपाईसाठी ठेवला. या निधीतून १९१७ पासून त्रिपिटकावरच्या अट्ठकथा, म्हणजे प्राचीन भाष्ये, सिंहली लिपीत छापून येऊ लागल्या. विद्वान भिक्खूंनी संपादन केलेले चाळीसहून अधिक खंड या मालेत निघाले. पालि अभ्यासक आजही या मालेचा उल्लेख 'सायमन हेवावितरणे बिक्वेस्ट' या नावानेच करतात. ग्रंथ छापायला प्रत्येक पिढीत नवी वर्गणी गोळा करावी लागू नये, ही दूरदृष्टी एका व्यापाऱ्याच्या मुलाने दाखवली.

डॉ. चार्ल्स हेवावितरणे इंग्लंडमध्ये वैद्यक शिकून आले. भाऊ भारतात असताना सिलोनमधली संस्थांची, छपाईची आणि पैशाची जबाबदारी त्यांनी वाहिली. १९२९ मध्ये रेल्वे अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

घराण्याचे नागरी काम छपाईपुरते नव्हते. कोलंबोजवळ राजगिरिय इथे हेवावितरणे नावाने विणकामाची शाळा निघाली, तरुणांना हुन्नर शिकायला जपानला पाठवले गेले. आई मल्लिका यांच्या नावाने निराधार वृद्धांसाठी घर उभे राहिले. मेरी फॉस्टर यांच्या देणगीतून कोलंबोत मोफत दवाखाना निघाला. धम्म, शिक्षण, धंदा आणि आरोग्य ही कामे त्यांनी वेगवेगळी मानली नाहीत.

शेवटी १९३० मध्ये धम्मपालांनी आपल्याकडच्या मालमत्तेचा ट्रस्ट केला. १९३१ मध्ये सारनाथला मूलगंधकुटी विहार उभे राहिले. २९ एप्रिल १९३३ रोजी तिथेच, भिक्खू म्हणून, त्यांनी देह ठेवला. त्याच वर्षी महाबोधी सभेने सारनाथहून राहुल सांकृत्यायन यांचा मज्झिमनिकायाचा हिंदी अनुवाद प्रसिद्ध केला.

१९१५ : शाईत विष मिसळते तेव्हा

इथवरची गोष्ट अभिमानाची आहे. पण आम्ही इथेच थांबलो तर ते भाटगिरीचे होईल.

१९०६ मध्ये धम्मपालांनी 'सिंहल बौद्धया' हे सिंहली वृत्तपत्र काढले. परकीय सत्ता, दारू आणि इंग्रजांची नक्कल यांच्यावर त्याने कोरडे ओढले आणि सिंहली माणसाला ताठ उभे राहायला शिकवले. पण याच लेखणीने सिंहली आणि बौद्ध हे दोन शब्द असे जोडले की जो सिंहली बौद्ध नाही तो परका ठरू लागला. मुस्लिम व्यापाऱ्यांबद्दल त्यात जहाल, अपमानकारक मजकूर येत गेला. इंग्रज सत्तेने आणलेल्या आर्थिक कोंडीचा राग शेजारच्या दुकानदाराकडे वळवला गेला.

१९१५ च्या मे महिन्यात वैशाख पौर्णिमेच्या मिरवणुकीवरून कँडीत तंटा झाला आणि दंगल देशभर पसरली. मुस्लिमांची दुकाने लुटली गेली, मशिदींवर हल्ले झाले, माणसे मारली गेली. दंगलीची कारणे अनेक होती आणि सगळा दोष एका वृत्तपत्रावर टाकता येणार नाही. पण आधीची कित्येक वर्षे छापील शब्दाने ती जमीन भाजून ठेवली होती, हे नाकारताही येणार नाही.

इंग्रजांनी लष्करी कायदा पुकारला आणि बौद्ध पुढाऱ्यांवर सूड उगवला. 'सिंहल बौद्धया' बंद केले गेले. धम्मपालांना कलकत्त्यात पाच वर्षे स्थानबद्ध ठेवले. त्यांचे भाऊ एडमंड यांना लष्करी न्यायालयाने शिक्षा दिली आणि १९ नोव्हेंबर १९१५ रोजी जाफनाच्या तुरुंगात विषमज्वराने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर अन्याय झाला हे आज श्रीलंकेत सगळे मानतात. त्याच दंगलीत ज्या मुस्लिम कुटुंबांची राखरांगोळी झाली, त्यांची नावे मात्र कुठल्याही रस्त्याला नाहीत.

धम्मपालांचे नाव घेऊन श्रीलंकेतल्या काही जहाल संघटना आपल्या काळातही मुस्लिमांविरुद्ध उभ्या राहिल्या आणि २०१४ मध्ये अलुथगामा इथे पुन्हा आगी लागल्या. उलट त्याच घराण्यात, धम्मपालांच्या बहिणीचे नातू अनिल मुनसिंघे हे डाव्या लंका सम समाज पक्षाचे नेते झाले, मंत्री झाले. वारसा म्हणजे आजोबांचे प्रत्येक वाक्य उचलणे नव्हे, हे त्या घरानेच दाखवले.

इथे बाबासाहेबांची आठवण येते. 'बहिष्कृत भारत'ची भाषा मवाळ नव्हती. पण आपला झगडा ब्राह्मण्याशी आहे, ब्राह्मण म्हणून जन्मलेल्या माणसाशी नाही, हे त्यांनी त्याच पत्रातून स्पष्ट मांडले. 'समता' आणि 'जनता'चे संपादन त्यांनी देवराव नाईक यांच्यासारख्या जन्माने ब्राह्मण असलेल्या सहकाऱ्याकडे सोपवले. अन्याय करणारी व्यवस्था आणि शेजारचा माणूस यांत फरक करायचा ही शिस्त त्यांनी संतापातही सोडली नाही. आज मोबाईलवर एका बोटाने मजकूर पुढे ढकलणाऱ्या आपल्या तरुणांसाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे. आपल्यावर द्वेषाचा मारा होतो म्हणून आपणही कुणा दुसऱ्या समाजाविषयी तसाच मजकूर पाठवू लागलो, तर पंचशील ध्वज हातात असून उपयोग नाही.

ही गोष्ट आपल्या दारापर्यंत कशी आली

१९५० च्या मे महिन्यात बाबासाहेब श्रीलंकेला गेले आणि कँडीच्या जागतिक बौद्ध परिषदेला उपस्थित राहिले. त्याच वर्षीच्या 'महाबोधी'च्या वैशाख अंकात त्यांचा बुद्ध आणि त्याच्या धम्माच्या भवितव्यावरचा प्रसिद्ध लेख आला. बौद्धांसाठी एकच सुटसुटीत ग्रंथ हवा ही त्यातली मागणी त्यांनी पुढे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहून स्वतःच पूर्ण केली. १९५२ मध्ये जागतिक बौद्ध बंधुत्व संघाने कोलंबोतला तोच ध्वज साऱ्या जगातल्या बौद्धांसाठी स्वीकारला. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर महाबोधी सोसायटीचे सरचिटणीस, धम्मपालांचे शिष्य देवप्रिय वलिसिंह उपस्थित होते.

आता दुसरी बाजू पाहा. तो ग्रंथ छापायला बाबासाहेबांकडे पैसे नव्हते. छपाईला वीस हजारांच्या आसपास खर्च येणार होता. १४ सप्टेंबर १९५६ रोजी, दीक्षेच्या बरोबर एक महिना आधी, त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून सरकारने पाचशे प्रती घ्याव्यात अशी विनंती केली. त्यासाठीचा निधी संपला असल्याचे उत्तर आले. ग्रंथ १९५७ मध्ये निघाला, तो पाहायला बाबासाहेब नव्हते. ज्या माणसाने 'मूकनायक' शाहू महाराजांच्या अडीच हजारांवर सुरू केले आणि 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने एकट्याने लिहून काढले, त्याच्यामागे पेट्ट्यातले दुकान नव्हते, सायमनचे मृत्युपत्र नव्हते. होते ते गिरणीतल्या आणि गोदीतल्या कामगारांचे आणे-पैसे.

म्हणून हेवावितरणे घराण्याची गोष्ट ऐकताना, 'ते श्रीमंत होते, त्यांना जमले' असे म्हणून आपण सुटू शकत नाही. आज आपल्यात डॉक्टर आहेत, अधिकारी आहेत, उद्योजक आहेत, परदेशी स्थायिक झालेली कुटुंबे आहेत. घरे झाली, गाड्या झाल्या, विहारांना संगमरवरही लागला. त्यातल्या किती विहारांत चालू असलेले ग्रंथालय आहे? 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत'चे जुने अंक किती घरांत वाळवीच्या स्वाधीन आहेत?

आमची तरुण मित्रांना तीन साध्या कामांची विनंती आहे. आपल्या भागातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी जा, त्यांच्याकडचे अंक, पत्रके, स्मरणिका आणि फोटो घरच्यांच्या परवानगीने स्कॅन करून ठेवा. विहार समितीच्या पुढच्या बैठकीत वर्षाच्या जमेतला ठरावीक वाटा पुस्तकांसाठी राखून ठेवण्याचा ठराव मांडा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्या. आणि ज्यांची ऐपत आहे अशा वडीलधाऱ्यांशी मृत्युपत्राविषयी बोला. हा विषय काढायला अवघड वाटतो. पण सायमन हेवावितरणे यांनी त्यांच्या मृत्युपत्रात ती एक तरतूद केली नसती, तर अट्ठकथांची ती माला निघालीच नसती.

येत्या बुद्धपौर्णिमेला ध्वज लावताना लहान मुलांना त्याचे पाच रंग सांगालच. त्या समितीतल्या फर्निचरच्या व्यापाऱ्याचीही गोष्ट सांगा.

नमो बुद्धाय. जय भीम.